चारच्या विमानाआधी

मारुदायी अक्काला तुम्ही भित्री म्हणाल तर माझ्याशी गाठ आहे. रबराच्या मळ्यात चाळीस वर्षं चीक काढलेली बाई ती. पायाखालून नाग गेला तरी हातातली सुरी थांबली नाही तिची. पण त्या सकाळी मी तिचे हात बघितलेत, साडीचा पदरसुद्धा खोचता येत नव्हता तिला.

तिचा नवरा कदिरेसन पहाटे सरकारी दवाखान्यात वारला. आठ वाजता मढं घरी आलं. मी तिची शेजारीण, इथं मलायु मुलखात ताइपिंगच्या देवळापाशी फुलं विकते, तेव्हा हार घेऊन मीच आधी पोचले. एकुलता एक मुलगा दिनगरन समुद्रापलीकडे मिरी गावात तेलाच्या कंपनीत. त्याचं विमान चारला पिनांगला उतरणार, तिथून दीड-दोन तासांची वाट. संध्याकाळी त्याच्या हातून अग्नी द्यायचा, असं ठरलं.

नऊ वाजता दवाखान्यातला झाडूवाला धापा टाकत आला. "अक्का, मुसलमानी धर्मखात्याचे दोघं सरकारी माणसं आले होते. कदिरेसन कुठल्या वॉर्डात होता, विचारत होते."

अक्काने पुढचं दार लावून घेतलं.

कारण ठाऊक होतं. दोन वर्षांपूर्वी कदिरेसन कारखान्यातल्या हाजी सामानबरोबर तीन शुक्रवार मशिदीतल्या वर्गाला गेला होता. का, तर नंतर बिर्याणी असते! "ऐकायला काय जातं?" म्हणायचा. मी म्हटलं होतं, "भावजी, जिभेपायी एक दिवस गोत्यात याल." तिथे त्याने एका कागदावर सही केली होती. हजेरीची की कशाची, देव जाणे. मलायु अक्षरं लावून वाचायचा कंटाळा त्याला.

मी हाजीला फोन लावला. म्हातारा रडायलाच लागला. "बहिणी, सही मी बघितली, कागद नाही वाचला. शपथेवर होही म्हणवत नाही, नाहीही म्हणवत नाही."

मग वकील गोमेझना लावला. "हे बघा," ते म्हणाले, "तो मुसलमान झाला होता असं त्यांनी म्हटलं, तर हायकोर्ट सांगेल, हा धर्माचा मामला, शरिया कोर्टात जा. आणि शरिया कोर्टात तुमच्या अक्काला उभंच राहता येत नाही, कारण ती मुसलमान नाही."

"मग तिनं जायचं कुठं?"

"तेच तर कुणी सांगत नाही. इकडे आड, तिकडे विहीर. पोलीस घेऊन आले की मढं त्यांचं. दफन झालं की संपलं."

"आणि ते यायच्या आधीच जाळलं तर?"

"मी हे ऐकलं नाही," गोमेझ म्हणाले, आणि फोन ठेवला.

फोन स्पीकरवर होता, अक्काने सगळं ऐकलं होतं. ती मढ्याच्या पायाशी गेली आणि त्याचे दोन्ही अंगठे घट्ट धरून बसली, जणू आत्ताच कुणी ओढून नेतंय. "ते याला पुरतील," ती म्हणाली, "आणि मला कबरीपाशी रडूसुद्धा देणार नाहीत. सरोजा, आत्ताच न्यायचं."

"अगं, पोरगा येतोय! बापाच्या तोंडात तांदूळ तो घालणार, मडकं तो धरणार."

"पोरगा येईल तेव्हा बापच नसला तर?"

मी उठले आणि बादली भरायला घेतली.

आंघोळ घाईत घातली. हळद राहिलीच. डफवाले बोलावले नाहीत, आवाजाने गल्ली जागी होईल म्हणून. आमच्यात बायका मसणात जात नाहीत. त्या दिवशी आम्ही दोघी गेलो. वाटेत मागून हॉर्न वाजला तशी अक्काने माझ्या दंडात नखं रुतवली. पाववाला होता मेला! मी त्याला अशी शिवी घातली की तो आठवडाभर आमच्या गल्लीत फिरकला नाही.

पाण्याचं मडकं अक्काने स्वतःच्या खांद्यावर घेतलं. तीन फेऱ्या घातल्या. दर फेरीला मडक्याला भोक पडायचं, ती दचकायची आणि दरवाजाकडे बघायची. नवऱ्याकडे तिनं एकदासुद्धा नीट बघितलं नाही. बारा वाजता आम्ही त्याला भट्टीत ढकलला.

संध्याकाळी दिनगरन आला. अंगणात उभा राहून म्हणाला, "अप्पा कुठायत?" आईने राखेचं गाडगं पुढे केलं. त्याने ते घेतलं, समुद्रात सोडलं आणि आईशी एक शब्द न बोलता परत गेला. नंतर फोन मलाच करायचा, तिला नाही.

धर्मखात्याचं कुणी आलं नाही. त्या दिवशीही नाही, पुढेही नाही. शेवटी गोमेझनी पत्र लिहून विचारलं, ते मी पोराला सांगितलं होतं. दीड महिन्याने उत्तर आलं, मी वाचून दाखवलं. या नावाच्या माणसाची धर्मांतराची कुठलीही नोंद नाही.

"परत वाच," अक्का म्हणाली. मी तीनदा वाचलं.

"म्हणजे थांबलो असतो तरी..." तिनं पत्र माझ्या हातातून घेऊन घडी घातली. मग म्हणाली, "पोराला एवढंच सांग, उत्तर आलं नाही."

तेवढ्यात त्याचाच फोन. "मावशी, आलं का काही?" मी 'नाही' म्हणणारच होते. पण हा पठ्ठ्या सुरू झाला, "येणार काय कपाळ! तुम्ही भित्र्या बायकांनी माझ्या बापाला कचऱ्यासारखं जाळलं."

माझी तार सटकली. "आलंय उत्तर! नोंद होती तुझ्या बापाची! थांबलो असतो तर उचलून नेला असता त्याला, कळलं?"

बोलून गेले आणि जीभ चावली.

पलीकडून लहान मुलासारखा आवाज आला. "म्हणजे अप्पा खरंच मुसलमान झाले होते? अम्माला फसवून? मावशी, अम्माला फोन दे."

मी अक्काकडे बघितलं. तिनं सगळं ऐकलं होतं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा पोरगा तिच्याशी बोलायला मागत होता. तिनं फोन कानाला लावला.

"अम्मा, खरं आहे का हे?"

अक्काने भिंतीवरच्या हार घातलेल्या फोटोकडे पाठ केली.

"हो रे राजा," ती म्हणाली.