साथ सरल्यावरची रजा

सत्तरचं दशक सरत आलं होतं तेव्हाची गोष्ट. आर्वी तालुक्यातल्या एका खेड्यात मी नर्स होते आणि गावात हगवणीची साथ आली. शाळेच्या दोन खोल्या रिकाम्या करून आम्ही जमिनीवर सतरंज्या टाकल्या, खिडकीच्या गजांना सलाईनच्या बाटल्या बांधल्या. डॉक्टर आठवड्यातून दोनदा येत. बाकी मी आणि कंपाउंडर. त्यात दुष्काळात तेरावा महिना, चौथ्या दिवशी कंपाउंडरच आडवा झाला.

माझी लेक तेव्हा तीन वर्षांची, आष्टीला सासूजवळ. दोन दिवसांची रजा मागितली तर डॉक्टर म्हणाले, "साथ सुरू असताना रजा कसली, बाई? आणि घरी काय साथ घेऊन जाता?" दुसरं बोलणं खरं होतं, म्हणून त्याचाच जास्त राग आला.

मग रागही गेला. पहिल्या आठवड्यात एका म्हातारीसाठी मी रडले होते. तिसऱ्या आठवड्यात कोणी गेलं की एक सतरंजी मोकळी झाली, एवढंच मनात यायचं. एका बाईनं मला तोंडावर विचारलं, "तुमाले काईच वाटत नाई का व बाई?" वाटायचं ना. झोप यावी असं वाटायचं. आणि लेक मला विसरली तर, ही एक भीती तेवढी उरली होती.

सव्वा महिन्यानं रजा मिळाली. एसटीत बसल्या बसल्या डोळा लागला तो आष्टीलाच उघडला.

लेक अंगणात होती. विसरली नव्हती. "आई" म्हणत धावतच आली. मी खाली बसले, तिचा फ्रॉक वर केला आणि पोटाची चामडी चिमटीत धरून सोडली. अंगातलं पाणी सरलं की सुरकुती तशीच राहते. तिची लगेच मिटली. मग खालची पापणी ओढून पाहिली आणि विचारलं, "सकाळपासून किती वेळा झाली?"

पोर जागच्या जागी गप्प उभी राहिली. तिकडे शाळेत तपासताना सगळे गप्प राहायचे, तशीच.

सासू दारातून म्हणाली, "अवं, तुयी लेक हाय ते. जवळ तं घे तिले."

घेतलं मी जवळ. सव्वा महिना जिच्यासाठी जीव तुटत होता, ती छातीशी होती, आणि मला एवढंच कळत होतं की हिला ताप नाही.