चाचांचं ‘हो’

नांदुऱ्याचे घड्याळवाले चाचा कशालाही चटकन हो म्हणत नसत. चहा विचारला तरी आधी पातेल्यात डोकावत. “दूध कधीचं हाय, भाभी?” आणि मगच बसत. मुलांनो, तुम्ही त्यांना पाहिलेलं नाही. पण आजोबांना मिहिर दिसला तो त्यांच्यामुळे.

लोक घड्याळं दुरुस्तीला आणेनासे झाले तसे चाचा संगणक उघडू लागले. आमच्या जुन्या संगणकावर लिनक्स ही फुकट मिळणारी प्रणाली त्यांनीच बसवली.

मिहिर, तुझ्या बारशाच्या दिवशी आमचा ब्राउझर रुसला. तुझ्या आईने पाठवलेलं, बारसं थेट दाखवणारं व्हिडिओचं पान त्यात उघडेना. आजोबा खाटेला खिळलेले. तुला पाहायची दुसरी वाट नव्हती. निरोप मिळताच चाचा सायकलवर आले. नवा ब्राउझर मिळणार होता तो लिनक्सवाल्यांनी आपसात चालवलेल्या भांडारातून.

“इरजणासारखं हाय, भाभी. कोणीबी देते, कोणीबी नेते. पण वास घेतल्याबिगर दुधात टाकाचं नाही.”

वास घेणं म्हणजे ब्राउझर कुठून येणार, काय करणार, ते लिहिलेली फाइल आधी वाचणं. “तुम्ही मोठ्यानं वाचा, मी आयकतो,” चाचा माझ्या खुर्चीमागे उभे राहून म्हणाले.

पडद्यावर ‘घेऊ का? हो की नाही?’ असं विचारलेलं होतं. आजोबा कासावीस झाले. “उस्ताद, दाब ना ते हो! बारसं उरकून राह्यलं तिकडं!”

मी वाचता वाचता पत्त्याची ओळ आली. ब्राउझर बनवणाऱ्यांचा नव्हे, भलताच पत्ता होता. चाचांनी हात मागे घेतला. “हे नाही. मांगच्या साली मी बीटी कपाशीच्या पाकिटावरचं बोंड पाहून सरकी पेरली. बोगस निघाली.”

“काऊन, बोंड सुंदर नव्हतं काय?” आजोबा रागातही हसले.

त्याच भांडारात दुसऱ्या कुणी ठेवलेला तोच ब्राउझर सापडला. पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचलं. पत्ता खरा होता.

“आता हो,” चाचा म्हणाले.

पान उघडलं तेव्हा तू पाळण्यात होतास आणि आत्या वाकली होती. तिने तुझ्या कानात कुर्र केलं, तेव्हा इकडे आजोबांनीही पडद्याजवळ तोंड नेलं. चाचा डोळे पुसत चष्म्याला नावं ठेवत होते.

त्याच हिवाळ्यात आजोबा गेले, पुढे चाचाही. तुम्ही हाक मारता आणि मला उशीर होतो, तेव्हा रागावू नका. संगणकाने काही नवं घेऊ का विचारलेलं असतं, आणि मी ते मोठ्याने वाचत असते. खुर्चीमागे कुणीतरी ऐकत असल्यासारखं.