गप बसायची परीक्षा

आमच्या मालकांच्या तोंडाचा पट्टा थांबतो कधी, ते मला अजून ठाऊक नाय. मोतीराम नाव त्यांचं, पण वाळूजच्या कंपनीत सगळे त्यांना आवाजावरूनच ओळखतात. तिथं ते डिस्पॅचला हायेत. म्हणजे तयार माल कुठल्या गाडीत, कसा भरायचा ते हमालांना सांगायचं. सगळा जन्म गोडाऊनच्या आवारात ओरडण्यात गेला, म्हणून घरात मीठ मागायचं तरी हर्सूलच्या तळ्यापर्यंत ऐकू जाईल असं मागतात. वरून एक खोड. डोक्यात काय चाललंय ते तोंडानं बोलल्याबिगर त्यांना विचारच करता येत नाय. आंघोळीला जातानाबी "टॉवेल घेतला, साबण घेतला, चला" असं चालू. लग्न झाल्यापासून माझं एकच, "अवो, गप बसा की जरा!"

आता झालं असं, की कंपनीत नवीन कॉम्प्युटर आले. डिस्पॅचच्या सगळ्यांनी पुण्याच्या एका संस्थेचं मोबाईलवर ट्रेनिंग करायचं आणि शेवटी परीक्षा द्यायची. पास झाला तो डिस्पॅचला राहणार, नापास झाला त्यानं गेटवर बसून गाड्यांचे नंबर लिहायचे. पगार तोच राहणार होता, पण ह्यांचं तोंड एवढुसं झालं. "गेटवर बसून मी कुणाशी बोलू गं गोजर?" म्हणले. मला हसूबी आलं आणि वाईटबी वाटलं.

नशीब, आमची सून सुलेखा त्याच ट्रेनिंगला होती. ती चिकलठाण्याच्या एका गोडाऊनात कॉम्प्युटरवर मालाची नोंद ठेवते, तिच्याबी साहेबांनी तिचं नाव घातलं होतं. सासरा आणि सून एका वर्गात, काय सांगावं! रविवारी जेवणं उरकली की दोघं बाहेरच्या खोलीत मोबाईल मांडून बसायचे. शिकवणारा प्रणय नावाचा पोरगा पुण्याहून बोलायचा. पहिल्याच दिवशी हे मोबाईलमध्ये असे ओरडले, की तो बिचारा म्हणला, "मोतीरामसर, मोबाईल बंद केला तरी पुण्यात ऐकू येईल." वर्गातली कॉलेजची पोरं हसली, हेबी हसले.

पण शिकले मात्र मन लावून. माल आला, ठेवला, निघाला, ते कॉम्प्युटरला कसं कळवायचं, सुलेखा परत परत दाखवायची. "मामा, घाबरू नका, दाबा. काय फुटत नाय." जमलं की हे लेकरासारखं माझ्याकडं बघायचे. मग सुलेखाला सांगत बसायचे, रुसलेल्या ड्रायव्हरला कसं हसवायचं, पावसात ताडपत्री कुठून बांधायची. ती पोरगीबी कान देऊन ऐकायची, मला लई बरं वाटायचं.

परीक्षेचा रविवार उजाडला. नियम असा की कॅमेरा चालू ठेवायचा, खोलीत दुसरं कुणी नको आणि तोंडातून चकार शब्द नको. फक्त दोनदा बसता येत होतं. सुलेखानं सकाळीच दिली आणि पास झाली. हे बसले, तर सुरू व्हायच्या आधीच मोबाईल सांगायला लागला, खोलीत दुसरा माणूस दिसतोय म्हणून. माणूस कुठला? मागं भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर होती.

सुलेखा भीत भीत म्हणली, "मामा, तसबीर थोडा वेळ..."

"बाबासाहेबांना खाली उतरवू व्हय? त्यापेक्षा मीच उठतो!" म्हणले, आणि मोबाईल, स्टूल उचलून स्वयंपाकघरात जाऊन बसले.

आम्ही दोघी दाराआड. थोडा वेळ बरा गेला. मग प्रश्न आला, एकाच गाडीत तीन गावांचा माल असंल तर आधी कुठला भरायचा. ह्यांच्या डोळ्यांपुढं रोजचा रस्ता आला असणार. एकदम गरजले, "अजिंठ्याचा माल सगळ्यात आत! मग सिल्लोड! फुलंब्री दाराशी! चला, उचला!"

उत्तर बरोबर होतं, लांबच्या गावाचा माल शेवटी उतरतो, तो आधी आत. पण मोबाईलला वाटलं, हे कुणाशी तरी बोलतायत. परीक्षा तिथंच बंद पडली.

मी रागात बोलून गेले, "एवढं तोंड आवरलं नाय? जा आता गेटवर!"

हे काहीच बोलले नायत. त्या दिवशी नाय, दुसऱ्या दिवशीबी नाय. मीठ लागलं तर स्वतः उठून घ्यायला लागले. आंघोळीला गेले तर मोरीतून आवाज नाय. ज्या शांततेसाठी मी जन्मभर ओरडले, तीच आता मला खायला उठली. माझ्या जिभेला काय झालं होतं, असं मनात हजारदा आलं.

आणि गंमत बघा, सरावाला बसले की मात्र तोंड सुरूच! तिथं त्यांचा इलाज नव्हता. सुलेखानं ओठांवर बोट ठेवायला लावलं, रुमाल धरायला लावला. रुमालाआडूनबी ह्यांचं गाडी भरणं चालूच.

एका सकाळी मी कांदा चिरत होते. डोळे चुरचुरू नयेत म्हणून मी तोंडात घोटभर पाणी धरते, माझ्या आईचीच सवय. सुलेखानं काहीतरी विचारलं, तर मला बोलता येईना, नुसतं हूं हूं. पोरीनं टाळीच वाजवली. "आत्याबाई, सापडलं! नियमात बोलायला बंदी हाय, पाण्याला कुठं हाय?"

पुढच्या रविवारी हे गालात पाणी धरून स्टुलावर बसले. मी दाराच्या फटीतून बघत होते. भुवया वर जायच्या, हात हवेतल्या हवेत माल उचलायचे, एकदा तर गाल असे फुगले की मला वाटलं, गेलं सगळं. पण पाणी तोंडातच राहिलं. परीक्षा संपली तशी सुलेखा आत धावली, मोबाईल बघितला आणि ओरडली, "मामा, पास! पास झालात!"

हे तसेच बसलेले. गाल फुगलेले, डोळे भरलेले. कुणी उठ म्हणेपर्यंत उठायचं नाय, असा चेहरा.

मला राहवलं नाय. म्हणले, "अवो, बोला की आता! बोला म्हणते ना!"

तसे हे उठले, मोरीत चूळ टाकली आणि तिथूनच आरोळी ठोकली, "गोजर, पाणी कोमट झालं होतं गं!" शेजारची दगडाबाई घाबरून दारात आली.

मग जे सुरू झाले ते सुरूच. कुठला प्रश्न आला, कुठं फसायला आलं होतं, उद्या हमालांना पेढे कसे वाटायचे, कुणाला आधी, कुणाला नंतर. पुण्याला प्रणयला फोन लावला, मुलाला, आकाशला, ड्युटीवर फोन लावून तेच सगळं परत सांगितलं. दिवेलागणीला माझं डोकं ठणकायला लागलं. गप बसा म्हणायला मी तोंड उघडलं.

पण मग मी तशीच माठाकडं गेले, घोटभर पाणी घेतलं, तोंडात धरलं आणि त्यांच्यापाशी जाऊन बसले.