चौथं शील

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात आमचं सेक्शन उत्तरेतल्या एका उंच पोस्टवर चढलं. दहा जण, दोन बंकर, एक रेडिओ सेट. मी सेक्शन कमांडर, हवालदार दत्ता शेलार. मूळचा मावळातला. रिटायर झाल्यापासून तळेगावला राहतो आणि चाकणच्या एका कारखान्यात सिक्युरिटी सुपरवायझर आहे. गेटवर लोक मला फौजेतल्या गोष्टी विचारतात. त्यांना गोळीबार ऐकायचा असतो. माझ्याकडे आहे ती एका दगडाची आणि एका खोट्याची गोष्ट, म्हणून मी बहुतेक वेळा चहा मागवून विषय बदलतो.

माझ्या हाताखाली नाईक मिलिंद सोनकांबळे होता. पिंपरीचा. वडील लवकर गेले. आईनं चाकणला गाड्यांच्या वायरिंगच्या कंपनीत लाइनवर उभं राहून त्याला वाढवलं. पोस्टवर पहाटे साडेचारला स्टँड-टू असायचा, म्हणजे सगळे हत्यारासह आपापल्या जागी. तो संपला की चहा. चहाच्या आधी मिलिंद बंकरच्या कोपऱ्यात हात जोडून पंचशील म्हणायचा. पाली भाषेतल्या पाच ओळी, मोठ्यानं, न लाजता. जीव घेणार नाही, न दिलेलं घेणार नाही, व्यभिचार करणार नाही, खोटं बोलणार नाही, नशा करणार नाही.

मी त्याला छळायचो. "पहिलं शील म्हणायचं आणि मग रायफल पुसत बसायचं. जमतं बरं तुला."

तो चिडायचा नाही. "साहेब, ऑर्डर तुम्ही देता. शील मी स्वतः घेतो. म्हणून मोडलं तर तक्रारही माझ्याकडेच येते."

"आणि रमचं काय?"

"माझी रम तुम्हीच पिता की."

हे खरं होतं. त्यामुळे पाचव्या शिलाबद्दल मी तोंड उघडायचो नाही. रोज कानावर पडून दोन महिन्यांत त्या पाचही ओळी मला पाठ झाल्या.

ऑक्टोबर संपत आला होता. त्या दिवशी शेजारच्या पोस्टपर्यंत जाऊन यायची गस्त होती. सहा जण 0900 ला निघालो. आदल्या रात्री पाऊस झाला होता, वाट भुसभुशीत झाली होती. मिलिंद पुढे होता. 1050 ला वरून आधी बारीक खडी आली, मग दगड. धूळ बसली तेव्हा आम्ही पाच जण उभे होतो. मिलिंद कमरेपासून खाली एका शिळेखाली होता. पाचही जणांनी जोर लावला. शिळा हलली नाही.

मी सेट घेतला. "एक कॅजुअल्टी. पत्थर के नीचे. जॅक और डॉक्टर भेजो. ओव्हर."

"पार्टी निकल रही है. चालीस मिनट. ओव्हर."

मिलिंद पूर्ण शुद्धीवर होता. मी त्याचं डोकं मांडीवर घेतलं. जखमी माणसाला बोलतं ठेवायचं, असं आम्हाला शिकवलेलं असतं. त्याला ठेवावं लागलं नाही. तो आपणहून बोलत होता. माझ्या बुटाची नाडी सुटलीय, असं त्यानं मला सांगितलं. पिंपरीच्या घरातली खिडकी नीट लागत नाही, सुट्टीत गेलो की ती रंधून घ्यायचीय, म्हणाला. मग विचारलं, "किती वाजले?"

"सव्वाअकरा."

"आई फर्स्ट शिफ्टला आहे. कंपनीत तिला जेवण जात नाही. तीनला सुटते आणि घरी येऊन चारला जेवते." मग म्हणाला, "काही झालं तर तिला लाइनवरून उठवू नका साहेब. आधी जेवू द्या. मग सांगा."

"तूच कर संध्याकाळी फोन," मी म्हणालो.

"सांगाल ना सेटवर?"

"सांगीन."

1135 ला पार्टी पोचली. जॅक लावला, शिळा उचलली आणि तिचा दाब सुटताच मिलिंद गेला.

मी सेटवर नाव, नंबर आणि वेळ कळवली. निरोप कळवला नाही. गडबडीत विसरलो, अशी मी पुढे अनेक वर्षं स्वतःची समजूत घातली. खरं असं की जवान माझ्याकडे बघत होते, पलीकडे ऑपरेटर ऐकत होता आणि 'तिला जेवू द्या' एवढं म्हटलं तर मला रडू फुटेल याची मला भीती वाटली. हवालदारानं सेटवर रडायचं नसतं. युनिटकडच्या त्याच्या फॉर्मवर आईच्या कंपनीतला नंबर होता. तिथंच फोन गेला. दीड वाजता तिला लाइनवरून उठवून ऑफिसात नेलं.

मिलिंदच्या शवपेटीबरोबर मी पिंपरीला आलो. त्याची आई, कांतामावशी, मला मिलिंदच्या बोलण्यातून ओळखत होती. तिनं एवढंच विचारलं, "दत्ता, त्याला त्रास झाला का रे?"

"नाही मावशी. जागच्या जागी गेला. बोलायलासुद्धा वेळ मिळाला नाही."

घरच्यांना असं सांगायची पद्धत आहे. पण मी दया म्हणून खोटं बोललो नाही. तो बोलला म्हटलं असतं, तर काय बोलला ते सांगावं लागलं असतं. मी स्वतःला वाचवलं.

तेव्हापासून दर वर्षी त्या तारखेला मी तिच्याकडे जातो. घरात वंदना होते. बौद्धाचार्य एकेक ओळ म्हणतात आणि जमलेले दहा-बारा जण मागून म्हणतात. मी बौद्ध नाही, पण मिलिंदच्या ओळी म्हणून मीही म्हणतो. फौजी माणूस खरं तर पहिल्या ओळीला अडायला हवा. मी चौथीला अडायचो. 'मुसावादा', म्हणजे खोटं बोलण्याची ओळ, आलं की ओठ मिटून घ्यायचो. एवढ्या आवाजात कुणाला कळतंय, असं वाटायचं.

यंदा बौद्धाचार्य चाकणच्या ट्रॅफिकमध्ये अडकले. तुम्ही सुरू करा, असा त्यांचा फोन आला. शेजारचे एक काका पुढे सरकले.

"तुमी ऱ्हाऊ द्या," मावशी म्हणाली. "दत्ता म्हणंल."

"मावशी, मी कसा…"

"तुला येतंय की सगळं. बस समोर."

मी बसलो. पहिली ओळ म्हटली, सगळ्यांनी मागून म्हटली. दुसरी झाली. तिसरी झाली. मग मी थांबलो. आता पुढं म्हणणारं दुसरं कुणी नव्हतं. सगळे हात जोडून माझ्याकडे बघत होते.

"दर साली हितंच गप होतोस तू," मावशी म्हणाली. "मी बघती ना. म्हणून तर बसवलं तुला. काय हाय ते बोल."

मी सांगितलं. सगळ्यांसमोर सांगितलं. शिळा, सेट, पंचेचाळीस मिनिटं, जेवणाचा निरोप आणि तो मी पोचवला नाही हेही. सांगताना मी रडलो. त्याची लाज वाटली नाही.

मावशीनं मध्ये एकदाही थांबवलं नाही. मग म्हणाली, "मला वाटायचं, माझी आठवण यायच्या आतच गेलं लेकरू. इतकी वर्सं हेच वाटायचं."

"चुकलं माझं, मावशी."

"चुकलं. माझं होतं ते, तू ठेवून घेतलंस." तिनं डोळे पुसले आणि परत हात जोडले. "म्हण फुडची ओळ."

मी चौथी ओळ म्हटली. सगळ्यांनी ती मागून म्हटली. मग पाचवी झाली.

जेवणाची ताटं मांडली गेली. मी वाढायला उठलो तेव्हा शेजारीण हळूच म्हणाली, मावशी सगळ्यांना आग्रह करते, पण या तारखेला स्वतः दिवसभर काही खात नाही, तिला घास उतरत नाही. तेवढ्यात मावशी येऊन पाटावर बसली.

"दत्ता, आधी मला वाढ."

मी भात वाढला, वरण घातलं, मेथीची भाजी वाढली. ती खाली मान घालून जेवायला लागली. तीन-चार घास झाल्यावर तिनं वर बघितलं.

"आजून काय काय म्हणला त्यो?"

मी तिच्यासमोर खाली बसलो. बुटाच्या नाडीचं सांगितलं, तशी ती हसली. मग खिडकीचं सांगितलं. ती जेवत राहिली.