विरजण न्यायला आलेली अनोळखी व्यक्ती

मुलांनो,

रविवारी व्हिडिओ कॉलवर तुम्ही दोघं म्हणालात, "आजी, वाढदिवसाला तुझ्या घरात एक छोटा कॅमेरा लावून देतो, म्हणजे आम्हांला इथे काळजी नको." मी म्हटलं, विचार करून सांगते, आणि गॅसवर दूध आहे म्हणून फोन ठेवला. दूध नव्हतं. तेव्हापासून माझं कशात लक्ष नाही. वर्तमानपत्र उघडते आणि मिटते. कपड्यांच्या घड्या घालते, त्या वाकड्या दिसतात म्हणून मोडून पुन्हा घालते. हो की नाही, हे मला फोनवर सांगता यायचं नाही. तुमची आई मध्येच बोलते आणि माझं वाक्य अर्धं राहतं. म्हणून लिहिते आहे. असाच एक कॅमेरा दिवाळीनंतर वहिनीच्या घरात आला. त्याचं काय झालं ते आधी वाचा.

वहिनी तुम्हांला आठवत असेल. लहानपणी तुम्ही परळला आलात की वाटीभर सोलकढी घेऊन यायची आणि तुम्ही प्यायल्याशिवाय हलायची नाही. माझ्या खोलीपासून एक दार सोडून तिची खोली. मालवणकडची. नवरा गिरणीत होता, तो जाऊन बरीच वर्षं झाली. मी तिला वहिनी म्हणते पण अगंतुगं करते. ती मला सगळ्या चाळीसारखी 'बाई' म्हणते, कारण मी कॉलेजात तर्कशास्त्र शिकवायचे. रागावली की मात्र मी 'गो बाय' होते.

आमच्या गॅलरीत दाराची एक रीत आहे. तुम्हांला ती ठाऊक नसणार, तुम्ही कुलपांच्या घरात वाढलात. सकाळी दूध घेतलं की दार उघडायचं, ते दिवेलागणीनंतर लावायचं. दिवसभर काम करतो तो पडदा. पडदा खिळ्याला अडकवलेला असला तर खुशाल आत या. सोडलेला असला तर माणूस आडवं झालंय, हळू बोला. कोणी भाजीला गेलं, भोईवाड्याच्या देवळात गेलं, तरी दार तसंच. शेजारणीला मीठ हवं, विरजण हवं, तर तिने आत जाऊन घ्यायचं आणि मागाहून सांगायचं. विरजण तर वहिनीच्या आणि माझ्या घरात इतकी वर्षं फिरतं आहे की ते मुळात कोणाचं, हे आम्हां दोघींनाही सांगता येणार नाही. माझं दही बिघडलं की तिच्याकडून, तिचं आंबट झालं की माझ्याकडून.

दसऱ्याच्या सुमारास वहिनी मोरीत घसरली. दूध घेऊन दार उघडलेलं होतं, पण पडदा वर गेला नव्हता. चहा होईपर्यंत मी वाट पाहिली, मग आत गेले. पाय मुरगळला होता, हाड शाबूत होतं. ती मलाच म्हणाली, "चाय झाली काय तुझी? मगे माका पण हाड." मी माझाच कप आणून तिच्या हातात दिला.

तिचा मुलगा पनवेलच्या पुढे एका उंच इमारतीत राहतो. चांगला मुलगा आहे. दहावीचं इंग्रजी त्याने माझ्याच खोलीत बसून केलं. तो धावत आला, डॉक्टर झाले, आणि दिवाळीनंतरच्या रविवारी कपाटावर देवांच्या शेजारी एक पांढरा गोल डोळा बसवून गेला. "काकू, फक्त सेफ्टीसाठी. मला ऑफिसमध्ये बसून दिसेल ती नीट आहे ते."

यात चूक काही नाही, असं मी स्वतःला सांगितलं. तरीही त्या घरात गेले की मी खुर्चीवर नीट टेकत नव्हते. वहिनी तर बदललीच. दुपारी ती गार लादीवर पालथी पडायची, मांडीवर सूप घेऊन तांदूळ निवडता निवडता गावातल्या कोणाकोणाला शिव्या द्यायची. ते बंद झालं. एकदा लादीवर आडवी झाली तर कपाटावरून आवाज आला, "आई, खाली का झोपलीस? बरं वाटत नाही का?" तेव्हापासून ती पलंगावर, धुतलेली साडी नेसून, फोटो काढायला बसल्यासारखी बसू लागली. ब्लड प्रेशरमुळे लोणचं बंद होतं. ते ती माझ्याकडे येऊन खायची.

"झिलाक दिसता गो सगळा," लोणच्याचं बोट चाटत ती मुलाबद्दल म्हणाली. "हंय तुझ्याकडे बरां. हंय कोण बगणा नाय."

"मी बघते की."

"तू बगतंस तां माका दिसता ना!"

हे वाक्य डोक्यातून जाईना. मी काही चाळीचे गोडवे गाणार नाही. गॅलरीची नजर कमी जाचक नव्हती. तुमची आई कॉलेजातून कोणाबरोबर चालत आली, हे माझ्याआधी तिन्ही मजल्यांना कळायचं, आणि त्यावरून मी किती टोमणे ऐकले ते तिला विचारा. पण जी बाई कठड्याला टेकून बघायची, ती स्वतःही उघड्यावर उभी असायची. तिचा पदर, तिची कढई, तिच्या नवऱ्याचा आवाज आम्हांलाही माहीत होता. कपाटावरच्या डोळ्याच्या पलीकडे कोण आहे, ते ऑफिसात आहे की जेवायला गेलंय, हसतंय की कंटाळलंय, हे वहिनीला कधीच कळत नव्हतं.

मग ती दुपार आली. वहिनी देवळात भजनाला गेली होती, पडदा खिळ्यावर. माझं दही लागलं नव्हतं. सर्दी झालेली, म्हणून कानांना मफलर, तोंडाला मास्क. मी नेहमीसारखी आत गेले, फ्रिज उघडला, दह्याचा डबा काढून वाटीत चमचाभर घेत होते, तेवढ्यात कपाटावरून ओरडा आला, "कोण आहे? ए! कोण आहे तिकडे?" वाटी हातातून सुटली. मी वळून "अरे, मी," म्हटलं, पण मास्कमधून ते मलाच नीट ऐकू आलं नाही, आणि घाबरून मी बाहेर पळाले. तर्कशास्त्राच्या बाईंनी चोरासारखं पळावं!

वहिनीच्या मुलाच्या फोनवर इंग्रजीत जी ओळ आली होती तिचा अर्थ एवढाच होता: घरात अनोळखी व्यक्ती. त्या कॅमेऱ्यात ओळखीचे चेहरे भरून ठेवता येतात; त्यात नसलेला चेहरा दिसला की तो असं कळवतो. दार सताड उघडं, आईचा पत्ता नाही, तोंड बांधलेलं कोणीतरी फ्रिज उचकतंय. त्याने खाली सेक्रेटरीला फोन लावला. तळमजल्यावरचे दोघे जिना चढून आले, एकाच्या हातात क्रिकेटची बॅट.

"बाई, तुम्ही? चोर कुठाय?"

"चोर मीच. विरजण चोरत होते."

बॅटवाल्याने कठड्यावरून खाली हाक दिली, "अरे, परत जा रे सगळे! अनोळखी व्यक्ती आपल्या बाईच निघाल्या!" संध्याकाळपर्यंत अख्ख्या चाळीत माझं तेच नाव पडलं.

मी हसले, पण हसू टिकलं नाही. ज्या घराची डाळ कुठल्या डब्यात आहे हे मला अंधारात सांगता येतं, तिथे मी अनोळखी.

संध्याकाळी मुलगा आला. त्याचा चेहरा पाहून थट्टा करायचं धाडस झालं नाही. चोर नव्हता हे कळेपर्यंत त्याने आईला काहीतरी झालं असंच धरलं होतं. "काकू, आज तुम्ही होतात. उद्या कोण असेल? ही दार टाकून जाते. मी हिला माझ्याकडे नेतो. खोली बंद ठेवू."

"तुझ्याकडे दाराक माजो अंगठो कळणा नाय," वहिनी म्हणाली. दिवाळीत ती त्याच्याकडे गेली होती, तेव्हा अंगठा टेकवून उघडायच्या त्या दाराने तिला आत घेतलं नव्हतं. आयुष्यभर वरवंटा फिरवून तिच्या बोटांच्या रेषा झिजल्या आहेत. सून येईपर्यंत ती लिफ्टसमोर उभी होती. "मी खंय जावचंय नाय."

मी वकिली केली. म्हटलं, मोरीत पडली तेव्हा कॅमेरा नव्हता, पडद्यावरून मला कळलं.

"आणि तुम्ही गावाला गेला असतात तर?"

त्याचं खरं होतं. या गॅलरीतल्या अर्ध्या खोल्यांची दारं आता दिवसभर बंद असतात. भाड्याने राहणारी मुलं सकाळी जातात, उशिरा येतात, आणि त्यांना पडद्याची भाषा कोणी शिकवलेली नाही. मीही शिकवली नाही. पडदा बघणारी माणसं म्हातारी होत चालली आहेत, त्यात मी एक.

संक्रांतीनंतर वहिनीला न्यायचं मुलाने ठरवलं. ती रोजची कामं करत राहिली, आणि मी रोज अस्वस्थ होत होते. तिच्या पोटमाळ्यावरची पितळी भांडी खाली आली की काय, हे बघायला उगीच फेऱ्या मारायचे.

संक्रांतीला तिने नेहमीपेक्षा मोठं पातेलं भरून लाडू वळले आणि सकाळीच गॅलरीत फिरून सगळ्यांना बोलावलं; बंद दारांवरही थापा मारल्या. दुपारपासून माणसं येऊ लागली. प्रत्येकाच्या हातावर तिळगूळ ठेवायच्या आधी ती त्याला दंडाला धरून कपाटासमोर उभं करायची आणि वर बघून सांगायची, "ही कोपऱ्यावरची. हिची चावी माज्याकडे आसता. वळख हिका." मग पुढचा. "हो नवीन भाडेकरू. काल माजो सिलिंडर ह्यानाच उचलल्यान. ह्याका पण वळख." कॉलेजातली एक मुलगी केस नीट करून, हसून उभी राहिली. बॅटवाला हात जोडून म्हणाला, "साहेब, ओळख असू द्या."

तिकडे मुलाचा फोन एकसारखा वाजत असणार. शेवटी कपाटावरून आवाज आला, "आई, काय चाललंय काय? मी मीटिंगमध्ये आहे! चाळीस काय, किती माणसं आहेत घरात?"

"तिळगूळ घे, गोड बोल," खोलीतल्या सगळ्यांनी एकदम सांगितलं.

"तू माका बगतंस ना थंयसून?" वहिनी म्हणाली. "मगे ह्यांका पण बग. ही सगळी वळखलंस, की माका ने."

मग तो हसला, आणि त्या डोळ्यातून आलेलं ते पहिलं हसू होतं. "यात एवढे चेहरे मावत नाहीत गं आई."

त्या रात्री त्याचा मला फोन आला. उन्हाळ्यापर्यंत राहू दे, मग बघू, असं म्हणाला. कॅमेरा त्याने काढलेला नाही, फक्त ते ओरडणं बंद केलंय. दुपारी लादीवर झोपायची आईला सवय आहे, हे मी त्याला सांगितलं. त्याला ते माहीतच नव्हतं.

उन्हाळा लांब नाही. पुढे काय, मला ठाऊक नाही, आणि ही धाकधूक तुमच्या कॅमेऱ्याने जाईल असंही वाटत नाही. तुमचा कॅमेरा आत्ता नको. कधीच नको, असं म्हणत नाही. लागेल तेव्हा स्वतः येऊन लावा, आणि लावायच्या आधी गॅलरीत प्रत्येक दाराशी जाऊन, मी कोणाची आजी आहे आणि तुम्ही कोण, हे सांगून या. सिलिंडर उचलणाऱ्या त्या मुलाला मी परवा पडद्याचं समजावून सांगितलं. त्याने आता दाराला एक पडदा लावला आहे. खिळा अजून ठोकलेला नाही.

वहिनी तिच्याच खोलीत आहे. दूध आलं की तिचं दार उघडतं, पडदा वर जातो. काल माझं दही लागलं नाही. तिच्याकडून विरजण आणलं, ते आज घट्ट लागलं आहे.