बोटीचं बोटिंग, काहिलीचं काहिलिंग

पिराजी हा आंबेवाडीचा गुळव्या. उसाचा रस उकळायला लागला की त्याला घड्याळ लागत नसे, नुसत्या वासावर सांगायचा, "आता जाळ ओढा." थेंबभर पाक पाण्यात टाकून बोटांत गोळी वळून बघायचा आणि नेमक्या वेळेला काहील उतरवायला लावायचा. काहील म्हणजे चार माणसं मांड्या घालून ऐसपैस बसतील एवढी लोखंडी कढई. दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंत ती चुलवाणावर, आणि पावसाळ्यात गुऱ्हाळाच्या भिंतीकडेला पालथी. गल्लीतल्या कोंबड्या हटकून तिच्याखाली जाऊन अंडी घालायच्या.

चौऱ्याण्णव सालच्या पुरात पिराजीनं ही पालथी काहील सुलटी केली. शेजारची बनाबाई माहेरी बाळंतपणाला आलेली. कळा सुरू झाल्या आणि रस्ता पाण्याखाली. गावची होडी दुसरीकडं अडकलेली. पिराजीनं काहील पाण्यात ढकलली, बनाबाईला आणि तिच्या आईला आत बसवलं आणि एक लांब वेळू रोवत रोवत पलीकडच्या डांबरी रस्त्याला नेऊन लावलं. दवाखान्यात पोचल्यावर पाऊण तासात मुलगी झाली. मग काय, दिवसभर खेपाच खेपा. तेवीस माणसं आणि एक शेळी. शेळी काहिलीत मधोमध पाटलीणबाईसारखी उभी राहिली आणि वाटेत तिनं एका म्हाताऱ्याचं रेशनकार्ड खाल्लं. पूर ओसरला, घरं सारवून झाली, पण त्या रेशनकार्डाचं भांडण अजून मिटलेलं नाही.

त्या दिवसापासून गावानं ठरवून टाकलं की पिराजी म्हणजे पट्टीचा पोहणारा. पंधरा ऑगस्टला शाल-नारळ दिला, तेव्हा भाषणातही तसंच म्हणाले. गणपती विसर्जनाला त्याला घाटाच्या अगदी खालच्या पायरीवर उभं करू लागले. बायका पोरांना सांगायच्या, "जावा बिनघोर. पिराजीमामा हाईत की."

आणि पिराजीला पोहायला येत नव्हतं.

लहानपणी चुलत्यानं पाठीला पांगाऱ्याचा ओंडका बांधून विहिरीत ढकललं होतं. गावातली सगळी पोरं अशीच शिकली. याची नेमकी दोरी सुटली. ओंडका एकीकडं, पोरगं दुसरीकडं. वर काढलं तेव्हा डोळे पांढरे झालेले. त्यानंतर बाकीची पोरं उड्या मारायची आणि पिराजी काठावर बसून कपडे राखायचा. मोठेपणी कुणी विचारलं नाही, यानं सांगितलं नाही. शाल अंगावर पडली तेव्हा तोंड उघडायला हवं होतं; पण फोटोवाला म्हणाला, "हसा," आणि हा हसला. तो एकदा जो हसला, तो नऊ वर्षं अडकला.

दोन हजार तीन सालचा मे महिना. सकाळी दूध घालायला आलेली माणसं संस्थेच्या कट्ट्यावर बसली होती. सेक्रेटरी बाळासो पेपर मोठ्यानं वाचत होता. बाळासो पिराजीचा बालमित्र; गावातली निम्मी कामं तो करायचा आणि उरलेली निम्मी बिघडवायचा.

"ऐका रं! राजाराम तलावावर नवशिक्यांसाठी कयाकिंगचा वर्ग. येत्या रविवारी."

"कयाकिंग म्हंजे?" कुणीतरी विचारलं.

बाळासो अडला. पण सेक्रेटरीनं अडून कसं चालेल? "सोपं हाय की. बोटीचं बोटिंग, तसं काहिलीचं काहिलिंग! पेपरवाल्यानं छापताना घोळ घातलाय."

"काहील चालवायला शिकवत्यात? आन त्ये शहरातली लोकं?"

"मग! आन तेवीस माणसं पार केलेला गडी हितं किटली घिऊन गप बसलाय. पिराजी, तुझं नाव देतो बघ. तुला बघून मास्तरच शिकंल."

पिराजी "आरं, पर..." म्हणेपर्यंत बाळासोनं फोन लावलासुद्धा. पलीकडचं ऐकून त्यानं फोनवर हात ठेवला. "पवाय येतंय का म्हणून इचारत्यात." आणि उत्तराची वाट न बघता फोनमध्ये ओरडला, "येतं का म्हंजे? माशाला इचारताय व्हय?"

मग दुधाच्या फॅटच्या चिठ्ठीमागं त्यानं यादी लिहून घेतली. हाफ चड्डी, टॉवेल, बदलायचे कपडे, चष्म्याला दोरी, सकाळी पोट हलकं.

"आन ह्ये बघ," बाळासो म्हणाला, "आधी काहील उलटी करून पाण्यात पडायचं, मग भायेर यायचं. सगळ्यास्नी करायला लागतंय."

"उलटी करून?" पिराजीचा आवाज किटलीतून आल्यासारखा आला.

"व्हय की. तुझ्या तर हातचा मळ!"

त्या आठवड्यात पिराजीची तयारी बघण्यासारखी होती. हाफ चड्डी नव्हती, म्हणून जुनी पँट गुडघ्यापासून कापली. एक पाय वीतभर आखूड झाला. चष्म्याला सुतळी बांधली. ती कानात टोचायची म्हणून तिला कापूस गुंडाळला. आणि रोज न्हाणीचं दार लावून तो बादलीत तोंड बुडवून श्वास कोंडायचा. मनात आकडे म्हणायचा. पंधराच्या पुढं आकडाच सुचायचा नाही. विहिरीची हिरवी भिंत दिसायची.

चौथ्या दिवशी चिमणाबाईनं, म्हणजे त्याच्या बायकोनं, दार वाजवलं. "काय बादलीत जीव द्याय लागलाय काय?"

पिराजी नाकातोंडातून पाणी गाळत बाहेर आला. ती म्हणाली, "पवाय येत न्हाय म्हणून सांगून मोकळं व्हा की एकदा."

"तुला कुणी सांगिटलं?"

"सांगाय कशाला पायजे? लगीन झाल्यापास्नं बगतोय न्हवं. नदीला आंघोळीला म्हणून जाता आन कोरडी पाठ घिऊन येता."

"मग बोलली न्हाईस ती?"

"तुमी बोलला न्हाईसा. मी कशाला बोलू?"

"आता कसं सांगू गं? गाव थुकंल तोंडावर. शाल घेतली, नारळ खाल्ला."

"नारळ सगळ्यांनीच खाल्लाय," चिमणाबाई म्हणाली आणि भाकरी थापायला गेली.

रविवारी अर्धी भाकरी खाऊन पिराजी निघाला. बरोबर बाळासो होताच. आपला गडी शहरातल्या मास्तरला कसा शिकवतो ते त्याला बघायचं होतं. तलावाच्या काठावर लाल-पिवळ्या लांबट होड्या ओळीनं मांडलेल्या. बाळासो दोन वेळा त्यांच्याभोवती फिरला.

"आन काहील कुठं हाय?"

शिकवणारा सोमशेखर हा नेसरीकडचा तरुण. गोड बोलणारा. "काहील नव्हे काका, कयाक. ही काय. एकेकानं बसायचं."

"ही?" बाळासोचा चेहरा पडला. "ही तर उभी चिरलेली भेंडी झाली की! पिराजी, चल. ह्ये आपलं काम न्हवं. पेपरवाल्यानं बरोबर छापलं हुतं, मीच चुकलो."

पिराजीच्या छातीवरचा धोंडा एका क्षणात उतरला. बाळासो स्वतःच जाऊ म्हणतोय! गावात सांगता येईल, काहिलिंग नव्हतंच तिथं, परत आलो. झाकली मूठ सव्वा लाखाची. त्यानं कापडी पिशवी उचललीसुद्धा.

तेवढ्यात सोमशेखरनं टाळी वाजवून सगळ्यांना गोळा केलं. "ज्यांना पोहायला येत नाही, त्यांनी हात वर करा. लाजू नका. कुणाजवळ कुणाला ठेवायचं ते मी त्यावर ठरवतो. इथं कुणी खोटं सांगितलं, तर त्याच्या भरवशावर मी दुसऱ्याचा जीव सोडून बसेन."

दुसऱ्याचा जीव. पिराजीला घाटाची खालची पायरी दिसली, आणि तिच्यावर पाय सोडून बसलेली पोरं.

त्यानं पिशवी खाली ठेवली आणि हात वर केला.

बाळासोनं झटक्यात तो हात खाली ओढला. "आरं मर्दा, न येणाऱ्यांनी म्हणत्यात ते!"

"ऐकलंय मी." पिराजीनं हात पुन्हा वर केला. "मला पवाय येत न्हाय, बाळासो. कवाच येत नव्हतं."

"चेष्टा करतोस?"

"न्हाय."

"आन मग तेवीस माणसं? पुरातनं? कशी न्हेलीस?"

"पाण्यात पडायचं न्हवतं म्हणून तर एवढी नीट न्हेली. पडलो असतो तर मला कोण काढणार हुतं?"

बाळासो मटकन काठावर बसला. मग हळू आवाजात म्हणाला, "आन आमी तुला गणपतीला घाटावर उभा करतोय."

"त्या दिवशी मला घास उतरत न्हाय. लोकं गणपतीकडं बघत्यात, मी पोरं मोजत असतोय. पाण्यात गेली किती, वर आली किती. नऊ वर्सं."

"नऊ वर्सं बोलला न्हाईस, गाढवा!"

"तू कधी बोलू दिलंस?"

यावर बाळासोला हसू फुटलं. आधी नाकातून, मग पोट धरून. "माशाला इचारताय व्हय, म्हणालतो मी फोनवर!" त्यानं डोळे पुसले. मग एकदम सेक्रेटरी झाला. "औंदा घाटावर दोर बांधायचा, ट्रकच्या ट्यूबा ठेवायच्या आन खरोखर पवणारी चार पोरं उभी करायची. शाल न्हाय घेत परत, भिऊ नको. ती तुझीच."

सोमशेखरनं पिराजीला नारिंगी जाकीट चढवलं, पट्टे आवळले, कयाकमध्ये बसवलं आणि कमरेइतक्या पाण्यात स्वतः शेजारी उभा राहिला. "काका, घाबरलाय?"

"लई," पिराजी म्हणाला. हे बोलायला त्याला काहीच कष्ट पडले नाहीत.

कयाक उलटली. नाकात पाणी गेलं, कानात गुडगुड झालं. आकडे मोजायचे राहूनच गेले, कारण तोपर्यंत जाकिटानं त्याला वर आणून सोडलं होतं. डोळे उघडले तर समोर आकाश आणि काठावर दोन्ही हात उंचावून नाचणारा बाळासो.

परतीच्या केएमटी बसमध्ये कंडक्टर ओल्या चड्डीकडं बघत म्हणाला, "पावणं, कुठं पडलासा?"

"पडलो न्हाय, पाडून घेतलं. मला पवाय येत न्हाय."

"मग काय झालं? मलाबी येत न्हाय," कंडक्टर म्हणाला आणि तिकीट फाडलं.

"आता काय गाडीला बोर्ड लावणार हाईस काय?" बाळासोनं विचारलं.

पिराजी तोंडभर हसला आणि पुढच्या सीटवरच्या अनोळखी माणसाच्या खांद्याला हात लावला. "रामराम पावणं. तुमास्नी पवाय येतंय काय हो?"