बाईंनी मोडलेल्या तुकड्या

बाईंसाठी दोन मिनिटं उभे राहिलो, आणि खाली बसताच संस्थेच्या अध्यक्षांनी बाईंचं काम मोडायला घेतलं.

कांबळे बाई. आमच्या हायस्कूलच्या निवृत्त मुख्याध्यापिका.
मंगळवारी मिरजेच्या दवाखान्यात वारल्या.

विट्याच्या अलीकडचं आमचं गाव. मी शिकत होतो तेव्हा शाळेत मार्कांप्रमाणे तुकड्या असायच्या.
अ मध्ये बागायतदारांची, शिक्षकांची मुलं.
ड मध्ये आम्ही. बौद्ध वस्तीतले, मजुरांचे, आणि ज्यांचे चुलते परमुलखात गलाईवर, म्हणजे सोनं गाळायच्या दुकानावर होते ते.

"जाणार गलाईवर. ह्यांना बीजगणित कशाला?" एक सर वर्गातच म्हणायचे.
आम्ही हसायचो.
आम्हाला ते पटलेलं होतं.

बाई समाजशास्त्रात एम.ए.
सांगायच्या, काही अभ्यासकांच्या मते शाळा समाजाला एकत्र बांधते. काहींच्या मते जुनीच उतरंड ती नवा शिक्का मारून पुढे चालवते.
"दोन्ही आपल्याच अंगणात बघा. प्रार्थनेला एक रांग. घंटा झाली की चार दारं."

मुख्याध्यापिका झाल्या त्या जूनमध्ये त्यांनी चिठ्ठ्या टाकून तुकड्या लावल्या.
मला आठवी अ निघाली.

एक बागायतदार थेट ऑफिसात आले.
"आवं बाई, माझ्या पोरीशेजारी कोण बसायचं ते चिठ्ठी ठरवणार व्हय?"
"दादा, ती तुमच्या घरात जन्मली, ती काय परीक्षा देऊन?"
शिपाईमामांनी हे उत्तर संध्याकाळपर्यंत गावभर केलं.

पण पहिल्या दिवशी अ च्या वर्गात शिरलो, तर ड मधून तिथं आलेली आम्ही सगळी पोरं आपणहून मागच्या बाकांवर जाऊन बसलो.
बाई दारात उभ्या.
"कुणी सांगितलं रं तिथं बसायला?"
"कुणी न्हाई, बाई."
"मग एवढंच शिकलाय तुमी इथं. उठा."

शाळा काय शिकवते यावर नंतर पुष्कळ वाचलं. याहून नेमकं काही सापडलं नाही.

आज मी त्याच शाळेत मराठी शिकवतो.

काल शोकसभेत अध्यक्ष म्हणाले, "बाईंचा मान राखला इतकी वर्षं. आता जूनपासून तुकड्या मेरिटवर. पालक इंग्लिश मीडियमकडं पळाय लागल्यात."
मी म्हणालो, "मान कसला राखलाय. भीत होता तुमी त्यांना."
कुणीतरी खोकलं.
अध्यक्ष म्हणाले, "सर, तुमची पोरगी येतीया न्हवं आठवीत? हुशार हाय. अ मधीच बसंल की."

पोरगी हुशार आहे.
तिच्या घरात पुस्तकांचं कपाट आहे. अडलं तर सांगणारा बाप आहे. तिच्या वयाचा असताना माझ्या घरात यातलं काही नव्हतं.
या फरकाला मेरिट म्हणायला मी तयार नाही.

"तिची चिठ्ठी सगळ्यांबरोबर पडंल," मी म्हणालो.
मागून पीटीचे सर म्हणाले, "माझ्या पोराची बी घाल, गड्या."

ठराव झालेला नाही. पुढच्या मीटिंगला पुन्हा येईल.
येऊ दे.
ड मधून गेलेल्या सगळ्यांना सांगतो, त्या दिवशी गावात या. दुकान एक दिवस बंद राहिलं तर काही बिघडत नाही.

बाई, तुम्हाला श्रद्धांजली आज वाहत नाही.
जूनमध्ये चिठ्ठ्या टाकून वर्ग भरू दे. मग वाहू.